तीन शिफ्टचं रान

दुपारचे दोन वाजले की भिकननाना खुर्चीवरून उठतात, टोपी सारखी करतात, खुर्चीभोवती एक पूर्ण चक्कर मारतात आणि परत त्याच खुर्चीवर बसतात. बसण्याआधी मस्टरमध्ये दोन सह्या करतात. 'चार्ज दिला' या रकान्यात एक, 'चार्ज घेतला' या रकान्यात दुसरी. दोन्ही सह्या भिकननानांच्याच. म्हणजे फर्स्ट शिफ्टचे भिकननाना सेकंड शिफ्टच्या भिकननानांना चार्ज देतात. देताना "सगळं ठीक शे ना?" असं विचारतात आणि "ठीक शे" असं उत्तरही स्वतःच देतात. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा माझ्यासोबत एक अख्खा वर्ग होता आणि त्यातलं एकही पोर हसलं नाही. मला मात्र पदराआड तोंड लपवावं लागलं.

मी धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माहेर जळगाव शहरातलं, तेही तिसऱ्या मजल्यावरचं. निसर्ग म्हटलं की मला डोंगर-झरे आठवत नाहीत, पाल आठवते. तर वरून पत्र आलं, मुलांना परिसर भेटीला न्या आणि फोटो अपलोड करा. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर निसर्ग केंद्र आहे, तिथेच उरकून टाका. मला वाटलं, एखादा हॉल असेल, भिंतीवर तक्ते असतील, काचेच्या कपाटात पेंढा भरलेलं एखादं कोल्हं असेल. फोटो काढायचे आणि खिचडीच्या वेळेला परत यायचं.

प्रत्यक्षात कपाशीच्या शेतांच्या मधोमध नाल्याकाठची दोन एकर खडकाळ जमीन होती. भोवती तारेचं कुंपण, आत कडुलिंब, बाभळी, बोरी, पळस, एक पत्र्याची शेड आणि फाटकावर पाटी. पाटीवर लिहिलं होतं : 'निसर्ग केंद्र. काम तीन शिफ्टमध्ये चालू असते. कामगार कामावर आहेत, शांतता राखा.' पाटीखाली शिट्टी गळ्यात अडकवून भिकननाना उभे होते.

नाना दीपनगरच्या वीज केंद्रात टाइमकीपर होते. कोण कामावर आला, कोण उशिरा आला, कोण रजेवर आहे, हे लिहिण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन गावी आले, वाट्याला ही पडीक जमीन आली. त्यांनी तिथे झाडं लावली, झाडांवर पाखरं आली, आणि पाखरं येऊन-जाऊन आहेत म्हटल्यावर नानांना मस्टर घातल्याशिवाय राहवेना.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या मुलांना गेटपास दिला. गेटपास म्हणजे खाली पडलेलं एक पान. प्रत्येकाने आपापलं उचलायचं, नीट बघून ठेवायचं आणि बाहेर पडताना तेच दाखवायचं. "दुसऱ्याचा पास चालणार नाही," नाना म्हणाले. मुलांना ते सोपं वाटलं. बाहेर पडताना मात्र लिंबाची पानं सगळी सारखीच दिसायला लागली आणि फाटकात गोंधळ उडाला. तेव्हा मुलांनी आपलं आपलं पान पहिल्यांदा खरं पाहिलं. कुणाच्या पानाला अळीने चावा घेतला होता, कुणाच्या पानाचा शेंडा वाकडा होता. त्यानंतर झडती झाली. एकाच्या खिशातून शेंगा निघाल्या, त्या जप्त. एकाच्या कॉलरवर मुंगळा होता. नानांनी त्याला बाजूला घेतलं, मुंगळा बोटावर उतरवून घेतला आणि म्हणाले, "याची ड्युटी संपलेली नाही. असा कामगार पळवून न्यायचा नसतो."

हे सगळं ते शुद्ध, कार्यालयीन मराठीत बोलतात. ड्युटीवर असले की नाना टिपणी लिहिल्यासारखं बोलतात आणि ड्युटीवरून उतरले की गावचं, म्हणजे अहिराणी बोलतात. फक्त ते ड्युटीवरून फारसे उतरतच नाहीत; मस्टर लिहिताना पोरांशी तेवढं गावचं निघतं.

त्यांच्या रानाची सगळी मांडणी वीज केंद्राची. टिटवी म्हणजे भोंगा. कोतवाल पक्षी सिक्युरिटीत. तारेवर बसणारा वेडा राघू वायरमन. सातभाई म्हणजे युनियन, कारण ते एकटे कधी येत नाहीत आणि आले की भांडतात. हिवाळ्यात येणारा धोबी पक्षी डेप्युटेशनवर. भोरड्या टोळीने येतात, धुमाकूळ घालतात, जातात, म्हणून त्या कंत्राटी. कोकीळ थंडीभर दीर्घ रजेवर असते आणि मार्चात रुजू होते. लिंबाच्या ढोलीतला पिंगळा, म्हणजे लहानसं घुबड, नाईट शिफ्टचा, त्याची नोंद दिवसा अशी होते : 'पिंगळा. नाईट शिफ्ट. हजर, पण झोपलेला.' आणि झाडाचं पान म्हणजे वीज बनवणारं युनिट. "आमच्याकडे कोळसा लागायचा," नाना पान उन्हात धरून सांगतात, "याला नुसतं ऊन आणि पाणी. चिमणी नाही. भट्टी नाही. संध्याकाळ झाली की बंद." प्रकाशसंश्लेषण हा शब्द मी दोन वर्षं फळ्यावर लिहीत होते. मुलांच्या डोक्यात तो त्या दिवशी पाच मिनिटांत शिरला, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

नानांचं एक वाक्य ठरलेलं. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, जो येऊन तुमची सुटका करतो. "बघा," ते मुलांना सांगतात, "बुलबुलाची मादी अंड्यांवर आहे. नर आल्याशिवाय ती उठते का?" मुलं एका सुरात, नाही. "फूल गळालं तर आधी फळ धरलेलं असतं की नाही?" असतं. त्यानंतर आमच्या वर्गात एकही मूल फळा पुसण्याचं काम अर्धवट टाकून पाणी प्यायला गेलं नाही. बदली माणूस आणून उभा करायचा आणि मग जायचं.

वर्षातून एकदाची भेट पुढे दर शनिवारची झाली. दर शनिवारी हजेरी व्हायची. नाना लिंबाखाली मस्टर उघडून बसायचे, मुलं भोवती पांगायची आणि धावत येऊन सांगायची. कुणी म्हणालं, नाना तो कोणता पक्षी, तर नाना नाव सांगायचेच नाहीत. "तू सांग, मी लिखी लेस." रंग कोणता? तू सांग. शेपूट केवढी? तू सांग. चोच सरळ की वाकडी? तू सांग. मग ते पोर परत पळायचं, अर्धा तास झाडाखाली मान वर करून उभं राहायचं आणि सगळा तपशील घेऊन यायचं. हेच पोर वर्गात मला 'बैल' या विषयावर पाच ओळी लिहून दाखवत नव्हतं.

मी या 'तू सांग'वर फिदा झाले. शिक्षण परिषदेत मी त्यावर दहा मिनिटं बोलले. मुलांना आयतं उत्तर न देता त्यांच्याकडून ज्ञानाची रचना करून घेण्याची ही अभिनव पद्धत वगैरे. टाळ्या पडल्या. माझं नाव जिल्ह्याला पाठवलं गेलं.

मग जानेवारीत पांढरा कावळा आला.

आमच्या वर्गात प्राची नावाची मुलगी आहे. बालवाडीत आली तेव्हा ती एक वाक्य बोलत होती, ते अजून पूर्ण झालेलं नाही. मी तिला नेहमी पहिल्या बाकावर बसवते, म्हणजे निदान आवाज लांबून येत नाही. नानांची ती फार लाडकी. त्या शनिवारी ती धावत आली आणि मागच्या पोरांकडे डोळे मिचकावत म्हणाली, "नाना, लिंबावर कावळा शे. पांढरा."

नानांनी मान वर करून लिंबाकडे पाहिलं. कावळा पहिल्याच फांदीवर होता, हाताने उडवता येईल इतका जवळ. "कितला शेतस?" त्यांनी विचारलं.

"एकच."

नानांनी लिहिलं. 'कावळा. पांढरा. एक. नवीन भरती.' आणि पेन वर करून पुढच्या मुलाची वाट पाहू लागले.

पोरं हसायच्या तयारीत होती, पण हसलं कुणी नाही. परत येताना प्राचीने माझा हात धरला आणि पंधरा मिनिटं ती एक अक्षर बोलली नाही. शाळेच्या फाटकाशी आल्यावर म्हणाली, "बाई, कावळा काळाच व्हता. नाना त्यानाकडे दखी ऱ्हायंतात."

नाना काळ्या कावळ्याकडे बघत होते आणि लिहीत होते पांढरा. त्या रात्री मला सगळं एकापाठोपाठ आठवलं. मस्टरमधलं नानांचं अक्षर दर वर्षी मोठं होत होतं, आणि मला तो त्यांचा थाट वाटला होता. आता आता तर ओळीवर ओळ चढायला लागली होती. गेटपासची तपासणी ते पान बोटांनी चाचपून करायचे. मुलांना ओळखायचे, पण मूल बोलल्यावर. आणि 'तू सांग, मी लिखी लेस.' माझी अभिनव पद्धत. जिल्ह्याला गेलेली. ती पद्धत नव्हती, मोतीबिंदू होता.

रविवारी मी एकटीच गेले. नानांनी शिट्टी वाजवून गेटपास मागितला. मी पान उचललं आणि सरळ विचारलं, "नाना, तो कावळा पांढरा होता?"

"मस्टरला नोंद आहे. म्हणजे होता."

"तो काळा होता. पोरांनी तुमची गंमत केली."

नानांनी मस्टर मिटलं, शिट्टी गळ्यातून काढून मस्टरवर ठेवली आणि ड्युटीवरून उतरले. "माले वाटनं, पोर सांगी ऱ्हायनी तं व्हई. जगमा व्हत व्हई एखादा पांढरा कावळा. मी तो दखेल नही, इतलंच."

मला मुलांचा राग आला होता, तो तिथेच गळून गेला. माझाच आला. मी दोन वर्षं या माणसाच्या समोर बसत होते आणि टाळ्या घेत होते.

मग नानांनीच सांगितलं, दोन वर्षांपासून त्यांना रंग नीट कळत नव्हते. आता तर माणूस दारात उभा राहिला तरी नुसती सावली दिसायची. मुलगी ज्योती जळगावला, डोळ्यांचा दवाखाना तिच्या घरापासून चालत जाण्यासारखा, जळगाव तासाभराच्या रस्त्यावर. ती दर आठवड्याला फोन करून भांडते. डॉक्टरने सांगून ठेवलंय, आणखी उशीर केलात तर काम अवघड होईल. ऑपरेशन अर्ध्या तासाचं, पण नंतर पंधरा दिवस धूळ चालणार नाही.

"मग जा ना, नाना."

"पंधरा दिन आठे कोन बसी? रिलीव्हर कोठे शे?"

मी म्हटलं, अहो, पाखरं काही राजीनामा देणार नाहीत. नानांना ते लागलं. ते उठले, चाचपडत शेडमध्ये गेले आणि पत्र्याच्या पेटीतून जुनी मस्टरं घेऊन आले. एक उघडून माझ्यासमोर ठेवलं. प्रत्येक पानावर 'चार्ज दिला'समोर भिकननानांची सही होती आणि 'चार्ज घेतला'समोर मोठ्या, सुट्या, जपून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं : सिंधू.

सिंधूअक्का म्हणजे त्यांची बायको. सेकंड शिफ्ट तिची. दुपारी दोन वाजता ती घरचं आवरून यायची, पाखरांच्या पाण्याची मडकी भरायची आणि नानांना लिंबाखाली तासभर झोपायला पाठवायची. तिला लिहिता येत नव्हतं. नानांनी तिला सही शिकवली, ती या मस्टरसाठी. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मी पुढची पानं उलटली. एका पानापासून दोन्ही रकान्यांत एकच सही सुरू झाली होती.

"उनी का पहिले तेच इचारे," नाना म्हणाले. "सगळं ठीक शे ना? मंग सही करे."

म्हणजे खुर्चीभोवती चक्कर मारून नाना स्वतःला जे विचारत होते, ते अक्काचं वाक्य होतं.

"कोनी तरी इचाराले पाहिजे ना, बाई," ते म्हणाले आणि मस्टर परत माझ्या हातातून घेतलं.

मी तिथे रडले असते. पण माझ्या पायाजवळून एक पाल गेली आणि मी ओरडून खुर्चीवर चढले. नाना हसले. मी खुर्चीवर उभी राहूनच सांगितलं, "रिलीव्हर मी होते."

नानांनी लगेच शिट्टी गळ्यात घातली आणि माझी मुलाखत घेतली. अनुभव? तेरा वर्षं नोकरी. सकाळी किती वाजता उठता? साडेसहा. फर्स्ट शिफ्ट सहाला लागते. उठेन. पालीला भिता? भिते. "ती इथली परमनंट आहे," नाना म्हणाले, "तुम्ही टेम्पररी. जमवून घ्यावं लागेल." आणि एका माणसाचं हे काम नाही, म्हणून त्यांनी मला नापास केलं.

सोमवारी मी वर्गात सगळं सांगितलं. मराठीच्या तासाला अर्जलेखन घेतलं. मुलांनी अर्ज लिहिले. 'महोदय, मला आपल्या रानात रिलीव्हर व्हायचे आहे. मी भांडत नाही, फक्त सुमित भांडतो.' एकाने लिहिलं, 'मला टिटवीचा आवाज काढता येतो, भोंगा बंद पडला तर उपयोग होईल.' प्राचीचा अर्ज तीन पानी होता आणि त्यात शेवटी लिहिलं होतं, 'मी खोटे सांगितले, परत सांगणार नाही. मला घ्या.' नानांनी ते सगळे अर्ज माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले. प्राचीचा दोनदा. मग म्हणाले, बठ्ठा पास. म्हणजे सगळेच.

चार्ज देण्याचा कार्यक्रम फाटकात झाला. शिट्टी, किल्ली, मस्टर, पाण्याची मडकी नग सात. ज्योती गाडी घेऊन आली होती आणि एवढं काय चाललंय ते तिला समजत नव्हतं. मुलांनी ओळीने सह्या केल्या. त्याला अर्धा तास लागला. नाना गाडीत बसले आणि काच खाली करून म्हणाले, "दोन वाजता इचारज्यात बरं."

ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. सकाळी सहाला एक तुकडी, दोनच्या मधल्या सुट्टीत दुसरी, शाळा सुटल्यावर तिसरी, आणि तिन्हींबरोबर मी. मुख्याध्यापक कुरकुरले. मी त्यांना परिसर भेटीचं वरून आलेलं पत्र दाखवलं, ते पहिल्यांदाच माझ्या उपयोगाला आलं. मुलांच्या आया कापूस वेचायला जाताना फाटकाशी थांबून बघायच्या. मी सूर्य उगवताना शेवटचा कधी पाहिला होता ते मला आठवत नव्हतं, आता रोज पाहत होते.

एक गोष्ट मात्र मी नीट पाहिली. मुलं खोटं लिहीत नव्हती. सातभाई सहा की सात यावर दोन पोरांची मारामारी झाली, आणि ती सोडवायला सगळी तुकडी बाभळीखाली पाऊण तास उभी राहिली. सहाच निघाले. सातवा कुठे गेला म्हणून सगळ्यांची तोंडं पडली. तो दुपारी सापडला तेव्हा 'उशिरा हजर' अशी नोंद झाली. मी कधी त्यांना खरं बोला म्हणून दम दिला नव्हता. पांढऱ्या कावळ्यामुळे त्यांना कळलं होतं की आपण जे सांगतो ते कुणीतरी लिहून घेतं.

संध्याकाळी नानांचा जळगावहून फोन यायचा, स्पीकरवर. "रिपोर्ट." मुलं रिपोर्ट द्यायची. "इचारं का दोनला?" इचारं. "काय उत्तर उनं?" ठीक शे.

पंधराव्या दिवसानंतरच्या शनिवारी नाना आले, काळा चष्मा लावून. पळस नुकताच फुलला होता. आम्ही फाटकात उभे होतो. नाना उतरले, प्राचीने त्यांच्याकडे गेटपास मागितला. त्यांनी वाकून पान उचललं आणि या वेळी बोटांनी चाचपलं नाही, डोळ्यांसमोर धरलं. बराच वेळ धरलं. मग पळसाकडे पाहिलं. "इतला लाल ऱ्हास का हा," एवढंच म्हणाले.

नंतर ते लिंबाखाली बसले आणि म्हणाले, आज मुलांची हजेरी. डोळे मिटून घेतले. एकेकाने पुढे येऊन काहीही बोलायचं. मूल बोललं की नाना नाव घ्यायचे, आणि मग डोळे उघडून त्याचा चेहरा पाहायचे. मी त्यांच्या शेजारी होते, म्हणून सांगते, पाखरांकडेही नानांनी कधी असं पाहिलं नसेल. सुमित बोलला. "सुमित." डोळे उघडले. "तुना कानले हाई काय लागेल शे?" सगळी हसली. प्राची पुढे आली आणि तिला काय बोलावं सुचेना. नानांनी डोळे न उघडता सांगितलं, "जी गप शे, ती प्राची नही." मग उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिने मस्टर उघडून त्यांच्यासमोर धरलं. पांढऱ्या कावळ्याच्या ओळीवर एक रेघ होती आणि खाली लिहिलं होतं : 'नोंद चुकीची. कावळा काळा आहे.' त्याखाली सगळ्या वर्गाच्या सह्या. नानांनी ते वाचलं, खिशातून पेन काढून खाली 'मंजूर' लिहिलं.

लिंबावर काहीतरी हललं. प्राची म्हणाली, "नाना, आते तुम्ले दिसस. तुम्हीच सांगा काय शे ते."

नानांनी वर पाहिलं. त्यांना दिसलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी पेन मस्टरवर टेकवलं. "दिसस माले," ते म्हणाले. "पन तू सांग, मी लिखी लेस."

डबे खाऊन दुपारचे दोन वाजले. नाना सवयीने उठले, टोपी सारखी केली आणि खुर्चीभोवती चक्कर मारायला निघाले. अर्ध्यावर प्राची आडवी उभी होती. "सगळं ठीक शे ना?" तिने विचारलं.

नाना थांबले. "ठीक शे," ते म्हणाले.

तिने 'चार्ज घेतला'समोर सही केली, मोठ्या, सुट्या अक्षरांत. नानांनी शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली, लिंबाखाली गोणपाट टाकलं आणि टोपी उशाला घेऊन आडवे झाले. दोन मिनिटांत घोरायला लागले. आम्ही सगळे कुजबुजत होतो. खारी त्यांच्या पायांवरून गेल्या तरी त्यांना कळलं नाही.

प्राची खुर्चीवर बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने झाडाखाली एकदा नीट पाहिलं आणि मस्टरमध्ये पिंगळ्याच्या खालच्या ओळीत लिहिलं : 'नाना. हजर, पण झोपलेले.'